सांगितलं, म्हणजे कर्तव्य संपलं का?

आपली कॉलेजातली मुलं विचारतात, ‘व्यावसायिक नीतिमत्ते’वर निबंध कसा लिहायचा? ‘प्रामाणिक असावे’ एवढ्याने भागत नाही. ते सगळ्यांनाच मान्य आहे. दोन कर्तव्यं एकमेकांच्या आड येतात, तिथे निबंध सुरू होतो.

‘चॅलेंजर’ यानाचं उदाहरण घ्या. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते नष्ट झालं; सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी बजावलं होतं, की थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी दगा देईल. कंपनीच्या वरिष्ठांनी ते बाजूला सारलं.

सांगितलं, म्हणजे इंजिनिअरचं कर्तव्य संपलं का? उत्तर आधी एका वाक्यात लिहा, मग कारणं द्या. वरिष्ठांची बाजूही खरेपणाने मांडा: पुरावा अपुरा वाटत होता, उड्डाण आधीच लांबलं होतं. मग ती खोडा.

मला वाटतं, संपत नाही. ज्यांचा जीव पणाला लागला होता, त्या अंतराळवीरांपर्यंत हा इशारा पोचलाच नव्हता. ज्याला झळ बसणार त्याचा विचार आधी, सेवेतही आपण हेच शिकतो ना?

आणि मुलांनो, नीतीवरचा निबंध तरी मोबाइलवरून उतरवू नका!