जाब आणि नोंद

‘लोक काय म्हणतील याची पर्वा सोडा’ हा सल्ला आता इतका सर्वमान्य झाला आहे की तो द्यायला कुणाला धाडस करावे लागत नाही. व्याख्यानमालांत तो ऐकू येतो, समुपदेशकांच्या सदरांत छापून येतो. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नकळत त्याला हातभार लावतो. प्रमाणके म्हणजे समाजाने घालून दिलेल्या वागण्याच्या रीती, विचलन म्हणजे त्यांचा भंग, आणि ‘स्व’ म्हणजे इतरांच्या नजरेत दिसणारे आपले प्रतिबिंब, अशा तीन व्याख्या विद्यार्थी पाठ करतात. मग हिशेब सोपा होतो. ‘मी’ लोकांच्या नजरेतून घडत असेन, तर नजर टाळली की मी मोकळा. हा हिशेब मला उथळ वाटतो, आणि त्याने ज्यांचे भले होईल असे सांगितले जाते त्यांच्यावरच तो अन्याय करतो.

समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने गुन्हा हा निरोगी समाजाचाही भाग मानला. ते खरे असेल, पण गुन्हेगार म्हणून नेमके कुणाला उभे केले जाते हे त्यावरून कळत नाही. मर्टनने साध्य आणि साधन यांच्यातल्या विसंगतीवर बोट ठेवले. ते चोरीला लागू पडते, पोशाखाला नाही. माझे भांडण या दोघांशी नाही. ते आरशाच्या कल्पनेशी आहे. कूलीने १९०२ मध्ये ती मांडली आणि १९६३ मध्ये हॉवर्ड बेकरने विचलन कृत्यात नसते, शिक्का मारणाऱ्याच्या हातात असते, असे दाखवून दिले. दोघेही सावध लेखक होते. त्यांच्या नावावर पुढे जे रूढ झाले ते मात्र भलतेच सोपे आहे: शिक्का बसला की माणूस तसा होतो, शिक्का पुसला की सुटतो.

हे तपासायला सिकंदराबाद-हैदराबादसारखी जागा नाही. हैदराबाद संस्थानात १९१९ साली, म्हणजे फसली सन १३२९ मध्ये, हिजड्यांविषयी एक कायदा झाला. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाप त्यावर स्पष्ट होती. मुले पळवल्याचा, त्यांचे लिंगच्छेदन केल्याचा किंवा ‘अनैसर्गिक’ गुन्ह्याचा ज्यांच्यावर संशय, त्यांची नावे आणि पत्ते सरकारी नोंदवहीत चढत. नाव चढलेली व्यक्ती स्त्रीवेशात किंवा दागिने घालून रस्त्यात दिसली, सार्वजनिक जागी नाचली, तिने वाद्य वाजवले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. संस्थान गेले, आंध्र प्रदेश झाले, तेलंगण वेगळे झाले, तरी हा कायदा पुस्तकात राहिला. वैजयंती वसंता मोगली आणि इतरांच्या याचिकेवर तेलंगण उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती उज्जल भुयान आणि न्यायमूर्ती सी. व्ही. भास्कर रेड्डी यांच्या खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा या तिन्ही हक्कांना तो धक्का देत होता.

शंभरहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात राहिलेला हा शिक्का. आरशाचा सिद्धान्त खरा असता तर या शहरातल्या हिजड्यांनी स्वतःला गुन्हेगार मानायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांनी काय मानले? गायत्री रेड्डी यांनी हैदराबाद आणि सिकंदराबादमध्ये राहून केलेला अभ्यास २००५ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात एक शब्द पुन:पुन्हा येतो, इज्जत. घराणे कोणते, गुरू कोण, रीत, म्हणजे घराण्यात घेण्याचा विधी, झाली आहे का, बधाईला, म्हणजे जन्म-लग्नाच्या घरी नाचगाण्याला, जाणाऱ्यांचे वागणे कसे असावे, देहविक्रय करणाऱ्यांना कोणत्या पायरीवर ठेवायचे, यांची काटेकोर उतरंड तिथे होती. नियम होते, नियमभंग होता, त्याचा दंडही होता. सरकारच्या लेखी रस्त्यावर नाचणे हा गुन्हा. घराण्याच्या लेखी बधाईचे नाचणे-गाणे हा मानाचा व्यवसाय. ज्यांना कायद्याने प्रमाणकांबाहेरचे ठरवले त्यांचे आयुष्य प्रमाणकांनी गच्च भरलेले होते.

यावर आरशाचे समर्थक म्हणतील की त्यांनी दुसरा आरसा शोधला, एवढेच. हे उत्तर चलाख आहे, पण त्यातून मूळ चूक सुटत नाही. आरसा ऐकत नाही. तो फक्त दाखवतो. गुरू मात्र चेल्याला विचारतो, ‘हे का केलेस?’, आणि चेल्याला काहीतरी सांगावे लागते. जॉर्ज हर्बर्ट मीडची शिकवण माझ्या समजुतीने हीच आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी त्याला कूलीच्या शेजारी बसवून ती बोथट केली. मीडचा ‘स्व’ संवादातून येतो. समोरचा काय म्हणेल हे मनात बोलून पाहायचे, त्याला उत्तर द्यायचे, त्या उत्तराने स्वतः थोडे बदलायचे. नुसत्या बघणाऱ्यांच्या गर्दीत ‘स्व’ तयार होत नाही. त्याला विचारणारा कुणीतरी लागतो.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. एक जाब, दुसरी नोंद. जाब कृत्याबद्दल असतो आणि विचारताना समोरच्याकडे उत्तर आहे हे गृहीत धरतो. नोंद माणसाबद्दल असते. तिला उत्तराची गरजच नसते. १९१९ चा कायदा क्रूर होता तो शिक्षेच्या मुदतीमुळे नव्हे. कुणी काय केले हे सिद्ध होण्याआधीच, केवळ संशयावर, माणूस कोण आहे हे त्याने वहीत लिहून टाकले. गुन्हेगार जमाती म्हणून सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड ज्या जमाती ठेवल्या त्यांचेही हेच झाले. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालांवर जातात ही तक्रार आजही ऐकू येते. कायदा रद्द झाला, पण नोंदीची सवय उरली.

मी घराण्यांचा गौरव करतो आहे असे कुणी समजू नये. गुरूची सत्ता जाचक होऊ शकते, चेल्याच्या कमाईचा वाटा गुरूकडे जातो, आणि बाहेर पडू पाहणाऱ्याला फार थोडे दरवाजे उघडे असतात. जातपंचायतीही जाब विचारतात, पण कित्येकदा निकाल आधी ठरवून. आणि जिथे त्या वाळीत टाकतात तिथे तर जाब संपूनच जातो: बोलणे बंद, पाणी बंद, लग्नाचे आमंत्रण बंद. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो याच कारणासाठी. तेव्हा भेद आणखी अरुंद करावा लागतो. खरा जाब तोच, ज्याच्या उत्तराने विचारणाराही बदलू शकतो. बाकीचे प्रश्न म्हणजे तोंडी घेतलेली नोंद.

‘पर्वा सोडा’ म्हणणारे र. धों. कर्व्यांचे नाव हमखास घेतात. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. पण लोकांची पर्वा नसलेला माणूस १९२७ पासून १९५३ पर्यंत, अखेरच्या दिवसांपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक कशाला चालवील? वाचकांची पत्रे छापून त्यांना उत्तरे कशाला देईल? कर्व्यांनी लोकांना सोडले नाही. लोक काय म्हणतील हे ऐकून घ्यायला आणि त्यावर आपण काय म्हणतो हे सांगायला ते महिन्यामागून महिने बसले. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये अस्पृश्यतेचा नियम मोडला गेला तोही समाजाकडे पाठ फिरवून नव्हे. समाजाने उत्तर द्यावे म्हणून.

सिग्नलवर किंवा मंगल कार्यालयात हिजड्यांकडून दमदाटी होते, ही तक्रार या शहरातही आहे. ती खोटी ठरवण्याची मला गरज वाटत नाही. ज्याने दमदाटी केली त्याला जाब विचारावा, इतर कुणालाही विचारतो तसा. त्या एका प्रसंगावरून साऱ्यांना एका ओळीत उभे करणे म्हणजे न्यायालयाने बंद केलेली वही मनात पुन्हा उघडणे होय. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी तृतीयपंथी व्यक्तींना सहायक म्हणून नेमले. नेमणुकीने प्रतिष्ठा आपोआप येत नाही आणि थोड्या नोकऱ्यांनी समाजाचे देणे फिटत नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. जिथे गाडीची काच वर करून संभाषण टाळता येत होते, तिथे आता एक तृतीयपंथी व्यक्ती विचारू शकते, ‘सिग्नल का तोडला?’, आणि चालकाला उत्तर द्यावे लागते. तिच्या कामात चूक झाली तर तिचे वरिष्ठ तिलाही कारण विचारतील, आणि तिचे म्हणणे त्यांना ऐकून घ्यावे लागेल.