मूळचा प्लग

वाडवडिलांनी मागे ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राखणे हे आपले कर्तव्य, की ती ज्या कामासाठी होती ते काम तिच्याकडून होत राहील असे पाहणे हे कर्तव्य? धर्म, भाषा, घराणे यांच्या संदर्भात हा प्रश्न नेहमी चर्चिला जातो. आमच्यापुढे तो नव्या रायपुरात, एका स्नेह्यांच्या अंगणात, चार स्पार्क प्लगांच्या निमित्ताने उभा राहिला.

या स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली, आणि रायपूर मध्य प्रदेशात होते तेव्हापासून ती या घरात आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत सुधारणा करून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अट ही की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द आमच्या स्नेह्यांनी फारच मनावर घेतले. वडिलांच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी मायकोचे जुने प्लग काढले, घासूनपुसून बसवले, आणि गाडी दोन चौकांच्या अंतरात तीनदा बंद पडली. “बाबांनी बसवलेले प्लग मी बदलणार नाही,” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज जरा कातर झाला होता. वाद प्लगाचा नव्हता हे आम्हांला तेव्हाच कळायला हवे होते. पण आम्ही वाद घातला.

नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? आमचा प्रश्न त्याहून बराच लहान होता. प्लगाच्या काही गोष्टी इंजिनच ठरवते. आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बैठक यांत तडजोड नाही. आटे लांब पडले तर प्लगाचे टोक दट्ट्यावर आपटेल. आखूड पडले तर रिकाम्या राहिलेल्या आट्यांत काजळी साचेल. परंतु प्लग ‘उष्ण’ असावा की ‘थंड’, हे एकटे इंजिन ठरवीत नाही. उष्ण प्लगाची ठिणगी अधिक तापट असते असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नव्हे. चिनी मातीचे नाक लांब असले की उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो आणि टोक तापलेले राहते. नाक आखूड असले की ते लवकर निवते. टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळते. ८५० च्या पुढे गेले की ठिणगीची वाट न पाहता इंधन पेट घेऊ लागते आणि दट्ट्यावर संकट येते. या दोन मर्यादांच्या मध्ये टोक राहावे, एवढाच निवडीचा हेतू. त्यासाठी गाडी कशी चालते, कोणत्या इंधनावर चालते, हे पाहावे लागते. पुस्तिकेतला क्रमांक शिशाच्या पेट्रोलसाठी लिहिलेला. ते पेट्रोल देशभरातून २००० साली गेले, आणि आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शिवाय क्रमांकाची भाषाही एक नाही. बॉशचा आकडा वाढला की प्लग उष्ण, एनजीकेचा वाढला की थंड! आकड्यावर निष्ठा ठेवणाऱ्याने आधी तो कोणाचा, हे विचारलेले बरे.

हे सारे आम्ही सांगितले, आणि त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो डब्याच्या तळाशी सापडलेल्या चिठ्ठीचा. डब्यात प्लग दोन जातींचे होते, हे कोणी पाहिलेच नव्हते. चिठ्ठीवर वडिलांच्या अक्षरात दोन ओळी होत्या: नागपूरला जाताना थंड, गावात उष्ण. दिवाळीला नागपूर गाठताना तासन्‌तास इंजिन तापे, म्हणून निघण्यापूर्वी ते प्लग बदलीत, आणि परतल्यावर पुन्हा बदलीत. चिरंजीवांनी बसवले होते ते नागपूरचे. गाडी मात्र आता रविवारी सेक्टरातल्या सेक्टरात, चार-पाच किलोमीटर फिरते.

स्नेही बराच वेळ चिठ्ठी धरून बसले. मग म्हणाले, “म्हणजे बाबांचे म्हणून मी जे धरून बसलो होतो, ते बाबा दर दिवाळीला काढून ठेवीत होते.” आम्ही यावर काही बोललो नाही. आमच्या स्वतःच्या घरातही आजोबांची म्हणून जपलेली काही वाक्ये आहेत, आणि ती त्यांनी कोणत्या प्रवासाला निघताना उच्चारली होती, हे आम्ही कधी पाहिलेले नाही.

गावातले जुने प्लग वापरून झिजलेले होते, त्यांच्या टोकांच्या कडा गोल झाल्या होत्या. म्हणून त्याच मापाचे, उष्ण जातीचे नवे आणले. दोन रविवारांनंतर मिस्त्रींनी ते उघडून पाहिले. तिघांची नाके फिकट तपकिरी, म्हणजे जशी हवीत तशी. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मात्र काळा आणि तेलकट निघाला. तो दोष प्लगाचा नव्हे, रिंगा झिजल्याचा, असे मिस्त्री म्हणतात. आणि इंजिन उघडावे की नाही, यावर आता त्या घरात नवा वाद चालू आहे.