नुसती खिचडी

दिवाळी अंकात खिचडीवर लिहायला बसणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरून आणलेली भाकरी सोडून बसण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. वाचकाच्या एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात चकली असते. अशा वेळी त्याच्यापुढे डाळ-तांदळाचा विषय काढावयाचा म्हणजे औचित्यभंगच. पण चार दिवसांच्या फराळानंतर पाचव्या संध्याकाळी आपल्या घरी काय शिजते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. भाऊबीज आटोपलेली असते, पाहुण्यांना एस. टी.त बसवून आपण परतलेले असतो, गोडाचे नाव काढवत नसते, आणि घरातली बाई पदर खोचता खोचता म्हणते, "आज नुसती खिचडीच टाकते हं."

खिचडीविषयी माझी काही तक्रार नाही. मला छळतो तो त्या वाक्यातला 'नुसती' हा शब्द.

पुरणपोळीला कोणी नुसती म्हणत नाही. श्रीखंड-पुरीलाही नाही. 'नुसती' या शब्दात एक लहानशी क्षमायाचना दडलेली आहे. जिने दिवसभर घर ओढले तीच, एका संध्याकाळी थोडे श्रम वाचवले म्हणून, घरादाराची माफी मागते. आणि आपण ती मोठ्या मनाने देऊनही टाकतो! "चालेल, चालेल, खिचडीही बरी असते." माफी देणाऱ्याचा हा स्वर मी स्वतः कित्येक वर्षे लावला आहे. एका भांड्यात स्वयंपाक उरकणे हा प्रेमातला कसूर आहे काय? आणि नसेल, तर ही माफी कशाची?

आमच्या अंजनगाव सुर्जीच्या शिवारात हा प्रश्न ऐन दिवाळीतच उभा राहतो. सणाच्या दिवसांत कापूस फुटलेला असतो. वेचणीला गेलेल्या बाया दिवस कलल्यावर परततात, तेव्हा कमरेच्या झोळीचा भार उतरलेला असला तरी पाठ काही लवकर सरळ होत नाही. गावाभोवती पानमळे आहेत, केळीच्या आणि संत्र्याच्या बागा आहेत; तिथली कामेही सणवार पाळत नाहीत. उत्तरेकडची सातपुड्याची रेघ काळी पडू लागली की चुली पेटतात, आणि पुष्कळ घरी एकच गंज चढतो. पातेल्याला आम्ही वऱ्हाडी माणसे गंज म्हणतो. त्यात तुरीची डाळ, तांदूळ, हळद, तिखट, मीठ. घरात असेल तर वांग्याची एखादी फोड. तांदूळ नसला तर ज्वारीच्या कण्या. कधी वरणफळे: उकळत्या वरणात कणकेचे कापलेले तुकडे सोडावयाचे, ते आधी तळाशी जातात, मग फुगून वर येतात, आणि पोळी व वरण ही दोन कामे एका उकळीत होऊन जातात. कधी गोळाभात: बेसनाचे तिखट गोळे भाताच्या वाफेतच शिजतात, आणि वाढताना वरून हिंग-मोहरीचे कडकडीत तेल. हे पदार्थ कोणा खवय्याने शोधले असतील असे मला वाटत नाही. थकलेल्या हातांनी शोधलेले ते पदार्थ आहेत. आणि थकव्याने इतकी चवदार वस्तू शोधून काढावी, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

खाली दर्यापूरच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने येऊ लागले ते अलीकडे. त्यापूर्वी गोड्या पाण्याची घागर लांबून डोक्यावर आणावी लागे. त्या घागरीतले डाळीला किती आणि भांड्यांना किती, हा हिशेब जिने रोज केला असेल, तिला एका गंजाचे जेवण ही साध्या राहणीची गोष्ट कधीच वाटली नसेल. ती पाण्याची गोष्ट होती.

मी मात्र खिचडीकडे तत्त्वज्ञानाच्या वाटेने आलो. मुलांकडून साध्या राहणीवर निबंध लिहवून घेण्यात माझी उमेद गेली. "आपल्याला काय, खिचडी पुरते," हे वाक्य मी चारचौघांत मोठ्या समाधानाने म्हणत असे, आणि ऐकणारेही माना डोलावीत. मग काही वर्षांपूर्वी पाय घसरून हिच्या उजव्या मनगटाला मार बसला. तीन आठवडे प्लास्टर. पहिल्याच रात्री मी ऐटीत जाहीर केले की, खिचडी म्हणजे काय, एका गंजाचे काम, ते मी करतो. हिने दाराशी बसून सांगावयाचे आणि मी करावयाचे, असा स्वयंपाक झाला. जेवणही यथास्थित झाले. नंतर मोरीत बसल्यावर मी सहज भांडी मोजली. खिचडीचा गंज एक. पण खिचडीबरोबर कढी हवी, म्हणून तिचे पातेले. वरून फोडणी हवी, म्हणून फोडणीची पळी. ठेच्याचा खलबत्ता, जवसाच्या चटणीची वाटी, कच्च्या तेलाची वाटी, काकडीच्या कोशिंबिरीचा वाडगा, पापडाची ताटली. डाव, सराटा, झाकण्या. शिवाय ताटे, वाट्या, पेले ते वेगळेच. चौदापर्यंत मोजून मी थांबलो. गंजाच्या तळाला खरपुडी धरलेली होती, ती तर हात लावू देईना. दाराशी बसलेली ही इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अजी, खिचडी तं एकाच गंजात होते. तुम्ही एका गंजात जेवता कुठं?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

यंत्रांनी हा प्रश्न सोडवला असेल असे कोणी म्हणेल. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला. एकावर एक डबे, खाली निखारे आणि पाणी, आणि सारे जेवण एकदम तयार. पुढे प्रेशर कुकर आला. त्याने विस्तव वाचवला, वेळही वाचवला. पण झाकण, रबर, शिटी, जाळी आणि आतले तीन डबे मोरीतच येऊन पडले. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटे भरला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. त्यातही स्त्रिया शंभरात एक्क्याऐंशी होत्या, आणि असे पुरुष मुळात शंभरात सव्वीस. उरलेल्या चौऱ्याहत्तरांत साध्या राहणीचे चाहते किती होते, याचा रकाना त्या पाहणीत नाही.

मोरीत बसलो म्हणजे मला आमच्याच तालुक्यातले एक भांडे आठवते. शेंडगाव हे अंजनगाव सुर्जी तालुक्यातले गाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तिथे एका परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले, आणि पुढे सबंध महाराष्ट्राने त्यांना त्यांच्या भांड्याच्या नावाने ओळखले. गाडगेबाबांचे ते गाडगे म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. त्यातच भाकरी खावयाची, त्यातच पाणी प्यावयाचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर घालावयाचे. याहून थोडक्यात आटोपलेला संसार माझ्या माहितीत नाही. मात्र लोक गाडग्याची गोष्ट कौतुकाने सांगतात आणि दुसऱ्या हातातला खराटा विसरतात. गावात शिरले की आधी गल्ल्या झाडावयाच्या, कोणाचे तरी काम करून द्यावयाचे, मग भाकरी. आणि रात्री कीर्तन. बाबांच्या साधेपणाचे खरकटे दुसऱ्या कोणाला उचलावे लागत नव्हते. उलट दुसऱ्यांचेच ते उचलीत होते. भांडी विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे ते सांगत. म्हणजे भांडे कमी करावयाचे ते कशासाठी, हेही त्यांचे ठरलेले होते. आमच्या घरी भांडे कमी झाले असते तर वाचलेला वेळ कोणाला मिळाला असता, याचा विचार मी निबंध तपासताना एकदाही केला नव्हता.

तरीही एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. बाबा निघून गेले त्या घरात आई सखुबाई होत्या, पत्नी कुंताबाई होत्या, लेकरे होती. घर सोडणाऱ्याला एक गाडगे पुरते. मागे राहिलेल्या चुलीला ते पुरत नाही. बाबांच्या थोरवीला याने बाध येतो असे मी म्हणत नाही, म्हणणारा मी कोण? पण संताचे गाडगे दाखवून गृहस्थाने बायकोला साधेपणा शिकवायला जाऊ नये, एवढे मला कळले.

कळले खरे, पण जरा उशिरा. कारण प्लास्टर निघाले त्या आठवड्यात मी नेमके तेच केले. खिचडीच्या दिवशी नुसती खिचडीच. कढी बंद, पापड बंद, कोशिंबीर बंद, असा हुकूम काढला. मला वाटले, हिला केवढा आनंद होईल! ही रुसलीच. "पापड काय मी उन्हाळ्यात उगाच वाळवले?" असे म्हणून तिने दोन दिवस माझ्याशी कामापुरते बोलणे ठेवले.

मला त्या दोन दिवसांत जर्मनीची आठवण झाली. १९३३ च्या ऑक्टोबरात तिथल्या नाझी राजवटीने फर्मान काढले, की हिवाळ्याच्या महिन्यांत पहिल्या रविवारी प्रत्येक घराने एकाच भांड्यात शिजलेले जेवण जेवावे, माणशी खर्च ५० फेनिगांच्या आत ठेवावा, आणि वाचलेला पैसा गरिबांच्या हिवाळी मदतीसाठी दारावर येणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. ऐकायला किती सात्त्विक कल्पना! भांडे तेच, जेवण तेच, दानही तेच. परंतु दारावर उभा असलेला माणूस पैसे घेता घेता घरही न्याहाळून जाई. ज्या साधेपणाला नाही म्हणता येत नाही, त्याची चव वेगळी लागते. माझ्या हुकमाच्या पाठीशी पलटण नव्हती एवढेच. बाकी स्वर ओळखीचाच होता.

तिसऱ्या दिवशी ही आपण होऊन बोलली. "मला कढी करायचं जड नाही जात," ती म्हणाली, "कढीचं पातेलं घासायचं जड जातं." इतकी वर्षे मी या दोन गोष्टी एकच समजत आलो होतो. कढीला मी वाहवा दिली होती, अगदी मनापासून, वाटी पुढे करून. पातेल्याला दिल्याचे आठवत नाही. ताटात जे येते तेवढ्याच्याच मोजमापाने आपण घरातली माया मोजतो. म्हणून ज्या दिवशी ताटात थोडे येते त्या दिवशी वाढणारीला 'नुसती' म्हणावे लागते. मोरीतला ढीग त्या मापात कधी धरलाच जात नाही, ना वाढलेला, ना कमी झालेला.

आमच्या गावी ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, तो इतिहासात सुर्जी-अंजनगावचा तह म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या घरातला तह त्या मानाने लहान. शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला देऊन टाकला. मी मोरी घेतली. खिचडीच्या रात्री कढी करावी, पापड भाजावा, की गंज तसाच मध्ये ठेवून सर्वांनी त्याभोवती बसावे, हे ती ठरवील. आश्चर्य असे की अलीकडे तिलाच पुष्कळदा काही करावेसे वाटत नाही. कच्चे तेल, एक कांदा बुक्कीने फोडलेला, आणि खिचडी. गंज रिकामा होताच त्यात पाणी ओतून ठेवावयाचे, म्हणजे खरपुडी अर्ध्या तासात सुटते, हे मी पहिल्या महिन्यात शिकलो.

'नुसती' हा शब्द मात्र गेलेला नाही. काल संध्याकाळीही ती म्हणालीच. जेवणे झाली, मी गंज घासला, धुतला, ओट्यावर पालथा घातला आणि हात पुसू लागलो. ती आली, गंज उचलून दिव्यापाशी नेला, तळाला नखाने खरवडून पाहिले, आणि काही न बोलता तो पुन्हा मोरीत आणून ठेवला.