लोकांचे शब्द आणि संशोधकाचा अधिकार

जें चारचौघांत बोललें गेलें तें सर्वांचें झालें, असें आपण व्यवहारांत सहज धरून चालतों. ही समजूत कितपत न्याय्य आहे, याचा विचार करण्याची पाळी आज आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांवर आली आहे. समाजशास्त्राचे व भाषाशास्त्राचे विद्यार्थी आतां फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप इत्यादि समाजमाध्यमांवर लोक जें लिहितात तें गोळा करून त्यावर प्रबंध लिहूं लागले आहेत. गोळा करण्याची कला फारशी अवघड राहिलेली नाहीं. संगणकास कांहीं ओळींची आज्ञा दिली कीं हजारों लोकांचे अभिप्राय तक्त्यांत येऊन बसतात. परंतु हे शब्द घेण्याचा आपणांस अधिकार कोणता, हा प्रश्न त्या कलेच्या आधीं शिकावयाचा आहे, आणि तो बहुधा शिकविला जात नाहीं.

आम्ही ज्या नवी मुंबईंत अध्यापन करतों तेथीलच उदाहरण घेऊं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवें शहर उभें राहिलें. जमिनीच्या मोबदल्यासाठीं जासई परिसरांत जानेवारी १९८४ मध्यें झालेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण त्याच लढ्यांतून निघालें. या लढ्याचा इतिहास लिहूं पाहणारास सरकारी कागद मिळतात, वर्तमानपत्रें मिळतात, दि. बा. पाटील यांच्यासारख्या पुढाऱ्यांचीं भाषणें मिळतात. परंतु जिची भातशेती गेली ती बाई त्या दिवसांत घरीं काय बोलत होती, हें सहसा मिळत नाहीं. उलट, जून २०२१ मध्यें नव्या विमानतळास दि. बा. पाटील यांचें नांव द्यावें म्हणून याच गांवांतील हजारों लोक बेलापुरास सिडकोच्या कचेरीवर गेले, तेव्हां त्यांच्या मुलानातवंडांच्या हातांत मोबाइल होता. राग, अभिमान, थट्टा, घरांत ऐकलेल्या आठवणी हें सर्व आतां त्यांच्याच बोलींत लिहिलें जातें. असें साहित्य इतिहासकारास पूर्वीं कधीं लाभलें नाहीं. तें कोणी गोळाच करूं नये असें म्हणणें म्हणजे या लोकांस पुन्हां एकदां इतिहासाबाहेर ठेवणें होय. शिवाय विद्वानांनीं हात आखडला तरी कंपन्या व राजकीय पक्ष तो आखडणार नाहींत.

कोणी म्हणेल, मग अडचण कोठें आहे? लिहिणारानें तें उघड लिहिलें. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही, ज्याची माहिती त्यानेंच स्वतः सर्वांसाठीं खुली केली असेल तर ती आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. हें खरें, पण कायद्यानें शिक्षा होत नाहीं एवढ्यावरून कृत्य योग्य ठरत नाहीं. गांवच्या पारावर मनुष्य मोठ्यानें बोलतो तेव्हां तो पारावरच्या मंडळींशीं बोलतो. आडोशास बसून कोणी तें शब्दशः टिपून घ्यावें व तालुक्याच्या कचेरींत वाचून दाखवावें, यास त्याची संमति असते असें कोणी म्हणणार नाहीं. आपला भूखंड अद्याप मिळाला नाहीं म्हणून एखाद्यानें रागाच्या भरांत अधिकाऱ्यास शिव्या दिल्या, आणि तें वाक्य जसेंच्या तसें प्रबंधांत छापलें गेलें, तर तें शोधयंत्रांत घालून लिहिणारा कोण हें काढावयास किती वेळ लागेल? नांव गाळलें म्हणजे झालें, ही समजूत भाबडी आहे. २००८ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं एका महाविद्यालयांतील सुमारें १,७०० विद्यार्थ्यांची फेसबुकवरील माहिती नांवें वगळून प्रसिद्ध केली. महाविद्यालयाचेंही नांव दिलें नव्हतें. थोड्याच दिवसांत तें हार्वर्ड असल्याचें जाणत्यांनीं ओळखलें.

बंद गटांचा प्रश्न याहून बिकट आहे. गांवांतीलच विद्यार्थी गांवच्या व्हॉट्सॲप गटाचा सभासद असतो आणि संपूर्ण संभाषण क्षणांत बाहेर काढूं शकतो. तो म्हणतो, मी गटांतलाच आहें. पण गटांत बसण्याचा अधिकार म्हणजे गट उचलून नेण्याचा अधिकार नव्हे. २०१८ मध्यें उघडकीस आलेलें केंब्रिज ॲनालिटिकाचें प्रकरण येथें आठवावें. माहिती गोळा करणारा विद्यापीठांतील संशोधकच होता, आणि ती एका राजकीय सल्लागार कंपनीच्या हातीं गेली. फेसबुकनेंच दिलेल्या अंदाजाप्रमाणें भारतांत तें ॲप अवघ्या ३३५ जणांनीं घेतलें होतें. पण त्यांच्या मित्रपरिवारासह सुमारें ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती त्यांतून जाण्याचा संभव होता. एकाची संमति दुसऱ्यास बांधीत नाहीं, हें यावरून स्पष्ट होईल.

आपल्याकडील संशोधनाची परंपरा या बाबतींत उद्बोधक आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं काढणारे इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें मिळवीत. त्यांस दार ठोठवावें लागे, घरधन्यास दप्तराचें महत्त्व पटवावें लागे, आणि कित्येकदां नकार घेऊन परतावेंही लागे. त्या नकारानें इतिहासाचें नुकसान झालें असेल; पण दप्तर कोणाचें हें त्यांत मान्य केलें गेलें. आजच्या विद्यार्थ्यास दारच दिसत नाहीं, म्हणून नकार ऐकण्याचा प्रसंगही येत नाहीं.

तथापि दहा हजार लोकांस एकेकट्यानें विचारणें अशक्य आहे, हा आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढें मध्यम मार्ग ठेवतों. मंत्री, पुढारी व संस्था यांचें उघड लेखन नांवासह उद्धृत करण्यास हरकत नाहीं. त्याचा जाब देणें हा त्यांच्या पदाचाच भाग आहे. सामान्य माणसांचें लेखन मोजावें, त्यांतील कल सांगावा. पण कोणाचें वाक्य जसेंच्या तसें हवें असेल तर त्या एका माणसास विचारावें. बंद गटांत आधीं हेतु सांगावा, आणि जो नको म्हणेल त्याचें लेखन वगळावें. प्रश्नास लागेल तेवढेंच घ्यावें. लिहिणारानें आपला मजकूर पुसल्याचें कळलें तर आपल्या तक्त्यांतूनही तो पुसावा. या नियमांनीं प्रबंधांतील सर्वांत बोलकें वाक्य कधीं कधीं हातचें जाईल, आणि परीक्षकास प्रबंध थोडा फिका वाटेल. ती किंमत देण्याची तयारी हवी.

याचें कारण केवळ सौजन्य नव्हे. या गांवांच्या जमिनी सार्वजनिक हिताच्या नांवानें घेतल्या गेल्या. शहर हवें होतें, तें झालें, आणि त्यांत आम्ही सुखानें राहतों. पण ज्यांची जमीन होती त्यांचें म्हणणें नीट ऐकलें जाण्यापूर्वीं पांच जणांस प्राण द्यावे लागले. आतां ज्ञानाच्या नांवानें त्यांचे शब्द घेतांना, हेतु थोर आहे म्हणून विचारण्याची गरज नाहीं, असें निदान विद्यापीठानें तरी म्हणूं नये.