थकलेला हप्ता आणि वरचा हिशोब



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १२

सोळाव्या अध्यायात आपण दैवी आणि आसुरी संपत्तीबद्दल वाचतोय. आजच्या श्लोकात भगवंत आसुरी माणसाचं वर्णन करताना तीन गोष्टी सांगतात. तो आशेच्या शेकडो दोरांनी बांधलेला असतो. काम आणि क्रोध हाच त्याचा आधार असतो. आणि आपल्या भोगांसाठी तो अन्यायाने पैसा साठवत जातो.

हा श्लोक मी आधी कितीतरी वेळा वाचला होता. दर वेळी डोळ्यांसमोर कोणीतरी मोठा घोटाळेबाज यायचा, टीव्हीवर दिसणारा. आपला काय संबंध, म्हणून मी पुढे जायचो. या वेळी मात्र डोळ्यांसमोर एक कागद आला.

आमच्या एकादशीच्या भजनाला एक मुलगा येतो. टाळ छान वाजवतो, फूड डिलिव्हरीचं काम करतो. मधे आजारपणामुळे त्याचे बाइकचे दोन हप्ते थकले. हप्ता ३,२०० रुपयांचा, म्हणजे देणं ६,४००. एका सकाळी दोन माणसं आली आणि सोसायटीच्या गेटवरून त्याची बाइक ओढून घेऊन गेली. अकरा दिवसांनी कसेबसे पैसे जमवून तो गाडी सोडवायला गेला, तर हातात हिशोब आला १२,९३० रुपयांचा.

हप्ते बाऊन्स झाल्याचे १,१८०. फॉलो-अप चार्ज ७५०. गाडी उचलून नेण्याचा सीझिंग चार्ज ३,५००. गाडी यार्डात उभी होती, त्याचं भाडं रोज १०० प्रमाणे १,१००. बेरीज करून बघा. वरचा खर्च ६,५३० रुपये. मूळ थकबाकीपेक्षा वसुलीच जास्त!

आणि ते अकरा दिवस गाडी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून कमाई नाही.

इथे कोणी म्हणेल, "कर्ज घेतलं तर फेडायला नको का?" नक्की फेडायला हवं. आपल्या परंपरेत ऋण ही हलकी गोष्ट नाही. देव, ऋषी, पितर यांचं ऋणसुद्धा फेडायचं असतं असं मानणारी आपण माणसं. घेतलेलं मुद्दल परत करणं हा धर्मच, आणि कबूल केलेलं व्याज देणंही. त्या मुलानेही "हप्ते माफ करा" असं एकदाही म्हटलं नाही.

प्रश्न वरच्या ६,५३० चा आहे. माणूस घाबरलाय, त्याची रोजीरोटी आपल्या ताब्यात आहे, तो आता काहीही भरेल, हे ओळखून जी रक्कम लावली जाते, ती कसली किंमत असते? ती त्याच्या भीतीची किंमत असते. भगवंत अन्यायाने साठवलेला पैसा म्हणतात तेव्हा त्यात हेही येतं, असं मला वाटतं. श्लोकात काम आणि क्रोध बरोबरच का आलेत, तेही इथे कळतं. आधी पैशाची हाव आणि मग फोनवरची ती भाषा. ज्यांना असे फोन आलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने सावकाराला एक मर्यादा घालून दिली होती, दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हा नियम आहे आणि इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. आता गंमत बघा. आज 'दामदुप्पट' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पैसे डबल करून देणारी स्कीम! जो शब्द लोभाला लगाम म्हणून आला होता, त्याचीच आपण लोभाची जाहिरात करून टाकली.

आणि आपले तुकोबा? त्यांच्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. लोकांची कर्जखतं घरात पडलेली. दुष्काळात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, म्हणजे देणेकऱ्याची लाजही त्यांनी भोगली. त्यांचे चरित्रकार एक प्रसंग सांगतात. व्यापारातून चार पैसे मिळवून परत येताना त्यांना कर्जापायी गांजलेला एक माणूस वाटेत भेटला, आणि तुकोबांनी जवळचे पैसे त्याला देऊन टाकले. पुढे खतांची वाटणी झाली. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्यांनी त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली.

भावाची खतं त्यांनी बुडवली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. सोडला तो स्वतःचा हक्क, आणि तोही अगदी कायदेशीर असलेला! आपल्याला एवढं जमणार नाही, कबूल. पण जे आपल्या हक्काचंच नाही, ते न घेणं तरी जमावं की नाही?

आता थोडं अवघड बोलतो. आमच्या त्याच भजनात आणखी एक मित्र आहे. तो वसुलीच्या कॉल सेंटरमध्ये काम करतो. हा कागद बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, मी फक्त फोन करतो. चार्ज सिस्टीम लावते."

त्याच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही, कारण तोच तर आपल्या सगळ्यांचा बचाव आहे. फोन करणारा म्हणतो सिस्टीम, गाडी उचलणारा म्हणतो ऑर्डर, यार्डवाला म्हणतो रेटकार्ड. ज्याने ते रेटकार्ड लॅपटॉपवर बसून बनवलं, तो कदाचित आत्ता हा ब्लॉग वाचत असेल. प्रत्येकाच्या हाताला थोडंसंच लागतं, त्यामुळे कोणालाच हात मळलेला दिसत नाही. आशेचे शेकडो दोर म्हणजे हेच असावेत. कोणाला इन्सेंटिव्हचा, कोणाला प्रमोशनचा, कोणाला टार्गेटचा. पुढच्या श्लोकात तर तो आसुरी माणूस आज काय मिळवलं आणि उद्या काय मिळवणार, याचीच मोजदाद करताना दिसतो. महिनाअखेरची मीटिंगच जणू!

पण त्या मित्राने नंतर एक चांगलं काम केलं. तो त्या मुलाबरोबर बसला आणि म्हणाला, "आधी प्रत्येक चार्जचा तपशील लेखी माग. मग करारात तो कुठे लिहिलाय ते विचार." फॉलो-अप चार्ज आणि यार्डचं भाडं करारात दाखवता आलं नाही. ते १,८५० रुपये कमी झाले. बाकीचे ११,०८० भरावे लागलेच, त्यासाठी मेहुण्याकडून उसने घेतले. पण गाडी सुटली.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांच्यासाठी थोडी माहिती. हीसुद्धा सेवाच आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही, त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही, आणि दंड वाजवी असायला हवा. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकावायचं नाही. फायनान्स कंपनीला गाडी ताब्यात घ्यायची असेल, तर आधी नोटीस आणि फेडीची शेवटची संधी यांच्या अटी करारात असायला हव्यात. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी फोन नंबर १४४४८.

आणि एक विनंती. कर्ज थकलंय म्हणून देवासमोर यायला लाजू नका. त्या मुलाने मधल्या दोन एकादश्या चुकवल्या होत्या. "कोणत्या तोंडाने येऊ" म्हणाला. अरे, दिवाळं निघालेल्या माणसाचेच अभंग तर आपण गातो!

आजचा संकल्प : आज आपल्या कामातली एक तरी रक्कम तपासू या. भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापलेली, ग्राहकाच्या बिलात घातलेली, कामवाल्या मावशींच्या पगारातून वजा केलेली. ती आपल्या हक्काची आहे की समोरच्याला बोलता येत नाही म्हणून आपल्याकडे आली आहे? दुसरं उत्तर आलं, तर ती आजच परत करू या.

उद्या श्लोक १३.

राम कृष्ण हरी!