चौदा म्हणून बारा

मी माझ्या वडिलांना १२ पाउंडांचा बोलिंग बॉल १४चा म्हणून दिला. तीन महिने ते त्याच समजुतीत खेळले आणि त्या तीन महिन्यांत त्यांचा खेळ सुधारला. मला त्रास होतो तो या सुधारण्याचा. खेळ बिघडला असता तर माफी मागून मोकळा झालो असतो.

हे बोलिंग क्रिकेटमधलं नाही. ६० फुटांची गुळगुळीत लेन, टोकाला त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना, वाढदिवसाला मित्रांबरोबर मॉलमध्ये खेळतो ते. मी न्यू जर्सीत राहतो. इथे निवृत्त लोकांच्या सकाळच्या लीग असतात. आई गेल्यापासून बाबा वर्षातले आठ-नऊ महिने आमच्याकडे असतात. शेजारच्या आजोबांनी त्यांना मंगळवारच्या लीगमध्ये ओढलं. त्यांच्या टीममधले सगळे सत्तरीच्या आसपासचे आणि सगळे १४ किंवा १५चा बॉल टाकणारे. मी गुरुवारी रात्री खेळतो, १५ने.

बाबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. बाजारात जाऊन तराजू तपासायचे. लोखंडी वजनाच्या तळाशी भोक असतं, त्यात शिसं भरून वर शिक्का मारलेला असतो. ते शिसं कुणी पोखरलंय का, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. म्हणजे मी फसवायला माणूस कोण निवडला बघा.

बॉल जास्तीत जास्त १६ पाउंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा असू शकतो. किमान वजनाची अट नाही. एकेकाळी पुरुषाने १६च टाकायचा असा रिवाज होता. आता कितीतरी व्यावसायिक खेळाडू १५ किंवा १४ वापरतात, पण ही बातमी मंगळवारच्या लीगपर्यंत पोचलेली नाही. बाबा तिथलाच १४चा बॉल उचलायचे. मागे नेताना त्यांचा उजवा खांदा खाली जायचा, अंगठा भोकात आवळलेला असायचा आणि शेवटी ते कमरेत वाकून बॉल जवळजवळ जमिनीवर ठेवायचे. स्क्रीनवर वेग यायचा ताशी १२ मैल. पिनांपर्यंत पोचायला जवळपास साडेतीन सेकंद. रात्री त्यांच्या खोलीतून बामाचा वास यायचा. विचारलं की, "खांद्याला काय झालंय? काही नाही."

मी गणित मांडलं. १४ पाउंड ताशी १२ मैलांनी गेले काय आणि १२ पाउंड १४ मैलांनी गेले काय, संवेग तोच. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हलका बॉल तिथे सुमारे सतरा टक्के जास्त ऊर्जा घेऊन पोचतो. अर्थात बाबांना तेवढा वेग मिळायला हवा. फुकट काहीच नसतं. हलका बॉल पिनेला धडकला की जास्त बाजूला ढकलला जातो, आणि हे ढकललं जाणं दोघांच्या वजनाच्या प्रमाणावर ठरतं, वेगावर नाही. पिन साडेतीन पाउंडांच्या आसपास असते. उजव्या हाताने टाकलेल्या चोख स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना शिवतो: पहिली, तिसरी, पाचवी, नववी. बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात. बॉल वाटेत ढकलला गेला की मधली पाचवी तशीच उभी राहते, आणि ती उभी राहिलेली बघणं फार अपमानास्पद असतं. म्हणून १० किंवा ८ नाही. शिवाय १२च्या खाली पुष्कळ बॉलमध्ये आतला गाभा साधा, कामचलाऊ बसवलेला असतो.

वरच्या आवरणाचंही तसंच. दुकानदाराने सांगितलं की मंद टाकणाऱ्याला खूप वळणारा, महागडा बॉल देऊ नका. मंद बॉल लेनवर जास्त वेळ असतो, त्यामुळे लवकर पकडतो, लवकर वळतो आणि पिनांजवळ येईपर्यंत दमतो. साधा, चकचकीत पॉलिशचा घ्या. इथपर्यंतचं सगळं निर्मळ होतं.

मग त्याने बाबांच्या बोटांची मापं घेतली आणि वजन विचारलं. बाबा म्हणाले, १४. मापं देऊन ते लेन बघायला गेले, आणि मी काउंटरवर वाकून १२ म्हटलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. लेनवरच्या भाड्याच्या बॉलवर वजनाचा मोठा आकडा असतो. आमच्या नव्या बॉलवर तो कुठे डोळ्यात भरेल असा नव्हता.

आठवड्याने बॉल हातात घेऊन बाबांनी विचारलं, "चौदाच ना?"

"तुमच्याच मापाचा आहे," मी म्हटलं.

अश्वत्थाम्याबद्दल बोलताना युधिष्ठिराने केलं ते हेच. शब्द खरे ठेवायचे आणि समोरच्याला चुकीचं समजू द्यायचं. त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्यानंतर खाली आला म्हणतात. माझी गाडी आधीपासूनच जमिनीवर होती. बाबा म्हणाले, हलका वाटतोय. मी समजावलं की भोकं आपल्या बोटांना बरोबर बसली की आवळावं लागत नाही आणि बॉल हलका लागतो. हे अगदी खरं आहे, कुणालाही विचारा. खोटं लपवायला मी एक खरी गोष्ट वापरली, आणि खोट्यापेक्षा तेच मला जास्त लागतं.

तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. कांटने १७९७ साली लिहिलं की परोपकारासाठीसुद्धा खोटं बोलायचा हक्क कुणाला नाही, दारात खुनी येऊन मित्राचा पत्ता विचारत असला तरी. कॉलेजात हे वाचून आम्ही हसलो होतो. मराठी घरात तर आजारी माणसाला "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणणं हे प्रेमाचंच रूप असतं. आणि लहानपणी बाबा कॅरममध्ये मुद्दाम हरायचेच की. मी फक्त फेड करत होतो.

पण कॅरममध्ये हरवू दिलेलं पोर एक दिवस मोठं होतं, खरंच जिंकायला लागतं, आणि आधीचं खोटं आपोआप विरून जातं. बाबा कुठे मोठे होणार होते? त्यांचं पुढचं वजन उतरतच जाणार. आज १२, चार वर्षांनी १०, आणि प्रत्येक वेळी मी काउंटरवर वाकणार. मी एक खोटं बोललो नव्हतो, एक व्यवस्था सुरू केली होती.

त्याच लीगमध्ये हँडिकॅप नावाची गोष्ट आहे, ती मला फार उशिरा दिसली. आमच्याकडे २२० हा आधार धरतात आणि तुमची सरासरी त्यापेक्षा जितकी कमी, त्याच्या ९० टक्के पिना तुम्हाला दर गेमला बहाल करतात. बाबांची सरासरी ११० होती, म्हणजे ९९ पिना फुकट. हा आकडा भिंतीवरच्या कागदावर नावापुढे छापलेला असतो. बाबांनी त्याने कधी अपमान मानला नाही. उलट मोजून घ्यायचे. सरासरी १२८ वर गेली आणि हँडिकॅप ८२ झाला तेव्हा त्यांनी तो कागद फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. लहान मुलांसाठी लेनच्या कडेला उभारतात त्या कठड्यांचंही तसंच, ते सगळ्यांना दिसतात. सूट मिळाल्याने माणूस लहान होतो, हे मी धरून चाललो होतो. बाबांचा अनुभव तसा नव्हता. मी त्यांना विचारलं मात्र नव्हतं.

डिसेंबरात ते पुतण्याच्या लग्नाला निघाले. बॅगा भरताना सामान मोजायचा लटकवण्याचा काटा बाहेर आला. बाबांनी सवयीने आधी काटाच तपासला: तांदळाची न फोडलेली १० पाउंडांची पिशवी अडकवली, ४.५४ किलो आले, मान हलवली. मग समोर दिसेल ते मोजायला लागले. माझ्या मुलीचं दप्तर. इस्त्री. बॉलची बॅग.

रिकामी बॅग वेगळी मोजली, वजा केली. १४ पाउंड म्हणजे ६.३५ किलो. काट्यावर ५.४च्या जरा खाली. भोकं पाडताना दोन-चार औंस जातात हेही त्यांना ठाऊक होतं.

"पावती आहे?" त्यांनी विचारलं.

मी आणून दिली. तिच्यावर १२ स्पष्ट लिहिलं होतं. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली. "दुकानदाराचं माप बरोबर आहे," ते म्हणाले. "मधल्या माणसाने गडबड केली."

"तुम्ही १४च घेतला असता, बाबा."

"घेतला असता. मग?"

"खांदा गेला असता."

"माझा ना?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं: हॉस्पिटलच्या खेपा, विम्याचे हप्ते, रात्रीचं कण्हणं, हे सगळं माझंही आहे. ते मी बोललो नाही. ते खरं आहे, तरी त्या वेळी पुन्हा खऱ्या गोष्टीचा वापर झाला असता. मग पावतीच्या मागे त्यांनी मला सगळं गणित मांडायला लावलं. संवेग त्यांना लगेच पटला. पाचव्या पिनेवर बराच वेळ अडले. शेवटी म्हणाले, "हे सप्टेंबरात दाखवलं असतंस तर मी काय केलं असतं, ते आता कळायला मार्ग नाही." आवाजात राग नव्हता. मार्कर घेऊन त्यांनी बॅगेवर लिहिलं: १२ पा. आणि खाली तारीख, शिक्का मारल्यासारखी.

१२८ची सरासरी कुणाची, हे मला अजून ठरवता येत नाही. बॉल हलका म्हणून आली, की आपण १४ पेलतोय या समजुतीने खांदा सरळ राहिला म्हणून?

जानेवारीत परतल्यावर पहिल्याच मंगळवारी, मी गाडी लावून आत येईपर्यंत, बाबांनी टीमला सांगून टाकलं होतं. इंग्रजी मोडकं, आकडे चोख. टीम हसली. शेजारच्या आजोबांनी त्यांचा बॉल उचलला आणि आपली पाळी आली तरी तसाच हातात धरून उभे राहिले. त्या दिवशी बाबांचे तिन्ही गेम १२०च्या खाली गेले. त्याच्या पुढच्या मंगळवारी एक १३५ आला.

गेल्या आठवड्यात अंगठ्याचं भोक घासून घ्यायला मी दुकानात गेलो होतो. बाबा बरोबर होते. दुकानदार म्हणाला, तुमचा वेग या हिवाळ्यात उतरलाय, पुढचा बॉल १४चा बघायचा का?

बाबा शेल्फवरचे बूट बघत होते. मी म्हटलं, बघू.