नांगराने सोडलेली जमीन

बारामती-इंदापूरकडे कुणाच्या शेताची चौकशी केली की पहिला प्रश्न येतो तो जिरायत का बागायत. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, आणि त्याच्या पाण्याखाली जेवढी जमीन आली तिथे ऊस उभा राहिला; पाणी जिथे चढलं नाही तो पट्टा बाजरी-ज्वारीवर आणि पावसावर राहिला. सोयरीक जुळवताना, कर्ज मागताना, वाटण्या करताना हीच प्रतवारी चालते. त्यातही सगळ्यांत खाली माळ. मुरमाड, चार बोटं मातीचा, कुसळीने भरलेला, नांगर घातला तर फाळच बोथट व्हावा असा. या माळाचं काय करायचं याची आमच्याकडे जेवढी उत्तरं ऐकू येतात ती बहुतेक एकाच दिशेची असतात: सपाट करा, पाणी आणा, काहीतरी लावा.

मला गोल्फ आवडतो, आणि त्यातही समुद्रकाठचा गोल्फ. इंदापूरच्या माणसाने हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरवागार गालिचा, उंच कुंपण आणि क्लबाचा दरवाजा उभा राहतो. हा समज उगाच झालेला नाही. आपल्याकडे हा खेळ इंग्रजांबरोबर आला, १८४२ साली मुंबईत त्याचा क्लब निघाला, पुढे तो छावण्यांमध्ये आणि जिमखान्यांमध्ये वाढला. कुलाब्याला नेव्हीनगरजवळ सेनादलांच्या क्लबाचं मैदान थेट समुद्राला लागून आहे. मुंबईत जन्म काढलेल्या कित्येकांनी ते पाहिलेलंही नसेल. पण खेळाचं मूळ तिथे नाही. मूळ आहे ते आमच्या माळासारख्याच, नांगराने सोडून दिलेल्या एका जमिनीत.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र हजारो वर्षांत मागे हटला आणि मागे वाळू उरली. वाऱ्याने तिचे उंचवटे केले, त्यावर बारीक, चिवट गवत धरलं. पीक काही येईना. समुद्र आणि शेतं यांच्या मधल्या या पट्ट्याला तिथे लिंक्स म्हणतात. सशांनी तिथे बिळं केली; गावाने मेंढ्या सोडल्या, कपडे वाळत घातले, आणि काठीने चेंडू मारायचा खेळही तिथेच मांडला, कारण तेवढीच जागा कुणाच्या उपयोगाची नव्हती. आज गोल्फमध्ये ज्याला बंकर म्हणतात ते वाळूचे खड्डे मुळात मेंढ्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून उकरले असं तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. याच किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज गावाच्या ओल्ड कोर्सवर असे शंभरावर खड्डे आहेत. ते मैदान कुणी एका माणसाने आखलं असं सांगता येत नाही. सुरुवातीला होल बावीस होते. १७६४ साली अठरा झाले, आणि पुढे जगाने तो आकडा उचलला. आणखी एक गोष्ट इथल्या माणसाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या भागात वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडतो. आमच्याकडे पाचशेच्या आसपास. स्कॉटलंड म्हणजे धो धो पाऊस ही आपली कल्पना त्या किनाऱ्याला लागू पडत नाही. फरक उन्हाचा आहे. तिथे पडलेलं पाणी जमिनीत टिकतं, इथे मार्चमध्येच उडून जातं.

ओल्ड कोर्सचं सौंदर्य आणि त्याचा कठीणपणा एकाच ठिकाणाहून येतो, म्हणून मला ते इतकं प्रिय आहे. अकरावा होल घ्या. अंतर फार नाही, एका फटक्याचं. मागे ईडन नदीची खाडी पसरलेली, ओहोटीला तिच्यात चिखलाचे चमकते पट्टे उघडे पडतात. हिरवळ पुढच्या बाजूला झपकन उतरते, डाव्या अंगाला हिल बंकर, उजव्या अंगाला स्ट्रॅथ. मी तिथे खेळलो तेव्हा वारा खाडीवरून अंगावर येत होता आणि माझ्या आधीच्या गटाला तो पाठीवर होता. दोन गटांमध्ये दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर असेल. कॅडीने हातात दिलेली काठी मला अजिबात पटली नव्हती. तिनेच चेंडू हिरवळीवर नेला. त्या क्षणी डोळ्यांसमोर खाडी होती, पण खेळताना मी ती सुंदर आहे म्हणून बघत नव्हतो. पाण्यावरच्या लाटा कुठल्या दिशेने धावताहेत हे वाचत होतो. निसर्गाकडे इतकं बारीक लक्ष मी सहलीला गेल्यावर कधी देत नाही. लक्ष द्यावं लागतं तेव्हाच ते खरं दिलं जातं, आणि चांगलं मैदान ते द्यायला लावतं.

याच अकराव्या होलवर १९२१ साली बॉबी जोन्स हरला. अमेरिकेतून ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा खेळायला आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, गुणी आणि तापट. तिसऱ्या फेरीत त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला, निघेना, आणि त्याने चेंडू उचलून स्पर्धाच सोडली. मैदानाबद्दल तो तेव्हा वाईटच बोलत असे. सहा वर्षांनी त्याच मैदानावर तो ओपन जिंकला आणि चषक गावाकडेच ठेवायला दिला. १९५८ साली सेंट अँड्र्यूजने त्याला गावाचं मानद नागरिकत्व दिलं. दुखण्याने तेव्हा त्याला चालणंही जड झालं होतं. या गावातले अनुभव तेवढे ठेवून बाकीचं सगळं काढून घेतलं तरी माझं आयुष्य भरलेलंच राहील, अशा अर्थाचं तो त्या सभेत बोलला.

या सहा वर्षांत मैदान बदललं नव्हतं. मला वाटतं, जोन्सने त्या जमिनीकडून न्यायाची अपेक्षा करणं सोडलं. माणसाने आखलेल्या मैदानावर खड्डा चुकीच्या जागी आहे अशी तक्रार करता येते, कारण तो कुणीतरी तिथे ठेवलेला असतो. वाऱ्याने आणि मेंढ्यांनी केलेल्या खड्ड्याबद्दल कुणाकडे जाणार? सरळ मारलेला चेंडू उंचवट्याला लागून वाकडा जातो, वाकडा मारलेला कधी सरळ येऊन थांबतो. चेंडू जसा पडला असेल तसा खेळायचा, हा या खेळाचा मूळ नियम अशाच जमिनीवर घडला. जिरायतीचा शेतकरी हा नियम कुणी न शिकवता पाळत आला आहे. मृगाने दगा दिला तर तो पीक बदलतो, पेरा लांबवतो, पाभर पुन्हा धरतो. रानाशी भांडत बसत नाही. बागायतीची सवय लागलेल्याला हे शहाणपण लवकर सुटतं, कारण पाणी पाळीने येतं आणि सगळं आपल्याच हातात आहे असं वाटू लागतं.

गोल्फचंही तेच झालं. जोन्सनेच पुढे मैदानं आखणाऱ्या ॲलिस्टर मॅकेंझीला घेऊन अमेरिकेत ऑगस्टाला एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर मैदान केलं. दोघांच्या मनात सेंट अँड्र्यूज होतं. मॅकेंझीने तर ओल्ड कोर्सचा नकाशा स्वतः मोजून काढला होता. पण रंगीत टीव्ही आला, ऑगस्टाची ती डोळे दिपवणारी हिरवाई घरोघर दिसली, आणि मैदान म्हणजे असंच हिरवं, असा जगाचा ग्रह झाला. वाळवंटात पाइप नेऊन गवत वाढवलं गेलं. ते पाहून मला वाईट वाटतं. २००६ साली इंग्लंडमधल्या हॉयलेकला ओपन झाली तेव्हा उन्हाळा कोरडा होता आणि मैदान पार तपकिरी पडलं होतं, आमच्याकडच्या फेब्रुवारीतल्या माळासारखं. जमीन इतकी टणक की चेंडू पडल्यावर थांबतच नव्हता. टायगर वुड्सने चारही फेऱ्या मिळून ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायची काठी, फक्त एकदा हातात घेतला. लांबवर मारण्याची ताकद असलेल्या माणसाने ताकद बाजूला ठेवली, चेंडू बुटका मारून जमिनीवरून पळवला, आणि जिंकला. तपकिरी मैदान इतकं देखणं असतं हे मला तेव्हा कळलं. त्याच हॉयलेकला २०२३ साली आपला शुभंकर शर्मा आठव्या स्थानावर बरोबरीत आला.

आता सेंट अँड्र्यूजची ही जमीन कुणाची, हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा मुद्दा. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने सनद दिली: सशांची पैदास त्याची, पण त्या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल आणि इतर सगळे खेळ खेळायचा हक्क गावकऱ्यांचा. पुढे १७९७ मध्ये नगरपालिकेचं दिवाळं निघालं, जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली, आणि ससे विरुद्ध खेळाडू असा झगडा वर्षानुवर्षं चालला. ससे मारायचा हक्क आहे की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. १८२१ साली जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळासाठी वाचवली. १८९४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून ती गावाच्या स्वाधीन केली. आजही तिथे खेळायला कुठल्या क्लबाचं सभासद असावं लागत नाही. नाव द्यायचं, सोडत निघते. परगावच्या माणसाला फी भरपूर पडते, गावकऱ्याला वर्षाचा पास थोडक्यात मिळतो. मैदानाच्या मधून गावाचा समुद्राकडे जायचा रस्ता आहे आणि माणसं जात असतील तर खेळणारा थांबतो. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद. त्या दिवशी लोक पोरांना, कुत्र्यांना घेऊन तिथे फिरतात. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध मैदानाला आठवड्यातून एकदा पुन्हा गायरान करून टाकणारं हे गाव मला फार शहाणं वाटतं.

आमचा लिंक्स इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आहे. समुद्र नाही, उजनी धरणाचं पाणी तिथून दूर आहे. पण उतरत्या उन्हात वारा सुटला की मारवेल आणि पवन्याच्या गवतावरून जी लाट धावते ती बघताना मला दुसऱ्या कुठल्या पाण्याची उणीव भासत नाही. तिथे चिंकारा आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे, हिवाळ्यात गवताला घासून उडणारे भोवत्या पक्षी येतात, पायाखालून चंडोल उठतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्यांना तेवढ्यात राहायला सांगणं ही चेष्टाच आहे, म्हणून कडबनवाडीसारखे माळ महत्त्वाचे. अलीकडे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळ बघायला लोक पैसे देऊन येतात हे आमच्या वाडवडिलांना खरं वाटलं नसतं.

पण सरकारी नकाशांत अशी गवताळ जमीन अजूनही पडीक म्हणूनच मोजली जाते. पडीक म्हटलं की कुणीतरी ती कामाला लावायला निघतो. कधी वनीकरण म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली जाते, कधी सौरऊर्जेची तावदानं उभी राहतात, कधी मुरूम उचलला जातो. झाडं लावणं चांगलंच, असं आपण शाळेपासून ऐकतो. म्हणून गवताच्या जागी झाडं लावली की लांडग्याचं आणि चंडोलाचं घर मोडतं हे कुणाच्या लक्षात येत नाही. ही गवताळ जमीन अर्धवट राहिलेलं जंगल नाही. ती पूर्ण आहे. तिच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे, पावसाचं पाणी जिरवलं आहे, आणि धनगरांच्या मेंढ्यांना कित्येक पिढ्या पोसलं आहे. मेंढ्यांनी इथेही तेच केलं जे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर केलं: गवत खुरटं ठेवलं, खत दिलं, वाटा पाडल्या.

कुणी म्हणेल, मग उजनीच्या काठी एक छान गोल्फ कोर्स होऊ द्या, भिगवणला रोहित बघायला लोक येतातच. याला माझा साफ विरोध आहे, आणि तो मला गोल्फ आवडतो म्हणूनच आहे. उजनीच्या पाच टीएमसी पाण्यावरून २०२१ साली इंदापूर आणि सोलापूर एकमेकांसमोर उभे राहिले, निघालेला आदेश मागे घ्यावा लागला. त्या पाण्यातला एक थेंबही शोभेच्या गवतावर पडता कामा नये. तिकडे तेरेखोलला, गोव्याच्या अगदी उत्तर टोकाला, समुद्रावर गोल्फचा मोठा प्रकल्प आला तेव्हा गावकऱ्यांनी कुळांच्या जमिनींसाठी कोर्टात आणि रस्त्यावर लढा दिला. देखावा अप्रतिम, किल्ला शेजारी, खाली लाटा, सगळं खरं. पण ज्या किनाऱ्यावरून गावालाच बाहेर काढावं लागतं तो किनारा या खेळाच्या मूळ कल्पनेच्या बरोबर उलट आहे.

आमच्या बारामती भागात काटेवाडीला तुकोबांची पालखी येते तेव्हा धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. ते मेंढ्यांचं रिंगण बघायला हजारो लोक जमतात, टीव्हीवाले येतात. त्याच मेंढ्या रिंगणानंतर कुठे चरायला जाणार हा प्रश्न मात्र दरवर्षी थोडा अधिक अवघड होत चालला आहे. गायरानांवर अतिक्रमणं आहेत, माळांवर कुंपणं पडताहेत, वनखात्याच्या हद्दीत शिरलं की दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून गावांना परत द्या असं सगळ्या राज्यांना बजावलं. कडबनवाडीच्या माळाचा विचार करताना सफारीच्या गाड्या, चिंकारे आणि मेंढरं या तिघांच्या पाळ्या ठरवता येतील. कुठल्या महिन्यात गवत राखायचं, कुठल्या महिन्यात चरू द्यायचं, हे धनगरांना वनखात्याइतकंच कळतं. ते ठरवायला बसलेल्या बैठकीत त्यांनाही खुर्ची हवी, आणि ती बैठक इंदापूरला व्हावी.